दुसरी सीट

घरी विमान बांधायला घेतलेल्या माणसाला पहिल्या सीटची काळजी नसते. तिथे तो स्वतः बसणार, हे किटचा खोका दारात उतरण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. काळजी असते ती दुसऱ्या सीटची. कॅटलॉगमध्ये ठसठशीत छापलेलं असतं 'टू-सीटर', आणि फोटोत दोन्ही सीटांवर हसरी माणसं असतात. पण त्यातलं दुसरं हसरं माणूस किटबरोबर येत नाही. ते ज्याचं त्याने पैदा करायचं.

किटचं विमान ही काय भानगड आहे ते आधी सांगतो, कारण पुण्यात ज्याच्या ज्याच्याकडे मी हा विषय काढला त्याने "रिमोटवालं का?" हाच प्रश्न विचारला. रिमोटवालं नव्हे. यात खरी माणसं बसतात आणि खरी वर जातात. कंपनी नळ्या, पत्रे, बोल्ट, कापड आणि एक जाडजूड पुस्तक पाठवते. बाकीचं तुम्ही तुमच्या गॅरेजमध्ये जुळवायचं. यातली मौज सरकारी नियमात आहे. अमेरिकेत काय किंवा ब्रिटनमध्ये काय, हौशी विमान म्हणून परवाना हवा असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे. एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात त्याला. म्हणजे घराचं वायरिंग करायला लायसन्सवाला माणूस लागतो, रिक्षा चालवायला बॅज लागतो, पण इथे सरकार बजावून सांगतं की मोठा भाग ज्याला यातलं काही येत नव्हतं त्यानेच केलेला असला पाहिजे. कारखान्याने जास्त मदत केली तर परवाना अडतो! हेतू शिक्षणाचा आणि विरंगुळ्याचा आहे म्हणे. कुणाच्या शिक्षणाचा, ते दुसऱ्या सीटवरच्याने आपापलं समजून घ्यायचं.

इतिहास पाहिला तरी घोडं दुसऱ्या सीटशीच अडलेलं दिसतं. राइट बंधूंचं 1903 चं विमान घरगुतीच होतं. सायकलवाल्यांनी बांधलेलं, पंखांचं कापड शिलाई मशिनवर शिवलेलं. त्यात सीटच नव्हती. चालवणारा पोटावर पालथा पडायचा, त्यामुळे "या ना, बसा" असा आग्रह करायची सोय नव्हती. पहिला पाहुणा वर गेला तो 1908 च्या मे महिन्यात, आणि तोही त्यांच्याच हाताखालचा मेकॅनिक, चार्ल्स फर्नास. त्याला नाही म्हणता आलं असतं का, कोण जाणे. दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या शेजारी बसत नसत. वडिलांना तसा शब्द दिला होता. तो नियम मोडला तो एकदाच, 25 मे 1910 रोजी, वडिलांच्या संमतीने. त्याच दिवशी ते वडील, बिशप मिल्टन राइट, वय वर्षं 81, ऑर्व्हिलच्या शेजारी जाऊन बसले आणि वर गेल्यावर "अजून वर घे" म्हणाले असं सांगतात. एवढी वर्षं पोरांना धाकात ठेवलेल्या बापाने शेवटी हौस भागवून घेतली.

पुढे 1934 मध्ये आंरी मिन्ये नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पुस्तक लिहून जाहीर केलं की ज्याला लाकडी खोका ठोकता येतो त्याला विमान बांधता येईल. त्याच्या 'फ्लाइंग फ्ली'ने फ्रान्स आणि इंग्लंड वेडं केलं. गावोगाव लोक खोके ठोकायला बसले. नंतर कळलं की पुढच्या-मागच्या पंखांच्या मांडणीतच खोट आहे आणि नाक फार खाली गेलं की ते वर येत नाही. मग बंदी आली. पण मिन्येसाहेबांचं एक मानलं पाहिजे: त्यांनी सीट एकच ठेवली होती.

याउलट मिनेसोटातले बर्नार्ड पीटनपॉल. यांनी 1930 च्या सुमारास फोर्ड मोटारीचं इंजिन लावून 'एअर कँपर' नावाचं दोन सीटांचं विमान केलं. त्याचे नकाशे मासिकात छापून आले, आणि लोक ते अजून बांधतात. त्यात सीटा एकामागे एक. चालवणारा मागे, पाहुणा पुढे. म्हणजे समोर झाड आलं तर ते आधी पाहुण्याला दिसणार, आणि विमान वळवायची कांडी मागच्याच्या हातात. पाहुणचाराची ही पद्धत मला तरी अजून कुठे आढळलेली नाही.

मराठी माणूस एकट्यादुकट्याने काही करत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 च्या फेब्रुवारीत ते बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात उभं केलं आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी मिळवली. त्या विमानाला सीटा किती? सहा. बरोबरच आहे. दोन सीटा ठेवल्या असत्या तर कुणाला नेलं आणि कुणाला नाही यावरून पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात रुसवेफुगवे झाले असते. (ज्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायलाही सेक्रेटरीची परवानगी लागते, तिथे विमान कसं चाललं, याचा कुणीतरी स्वतंत्र अभ्यास करायला हवा.)

आमच्या साडूंनी मात्र दोनच सीटांचं घेतलं. साडू मूळचे सांगलीचे, राहतात इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका गावात. आयुष्य पुलांची डिझाइनं करण्यात गेलं. माणूस असा की दूध ओतण्यापूर्वी बाटलीवरची तारीख पाहणार, जिना उतरताना कठडा धरणार आणि लिफ्टमध्ये 'आठ माणसे' अशी पाटी असेल तर सातवा आला की आपण बाहेर पडणार. पुलाच्या कामात शंका आली की लोखंड वाढवायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा मंत्र. निवृत्त झाले आणि नेमकं असं यंत्र करायला बसले की जिथे लोखंड वाढवलं तर ते जमिनीवरच राहतं. विमानाच्या हिशेबात सुरक्षिततेचा गुणक असतो दीड. जास्तीत जास्त जेवढा भार येईल, त्याच्या दीडपट सोसण्याची ताकद. पुलाला दीडपट म्हटलं असतं तर साडूंनी त्या पुलाखालून होडीसुद्धा जाऊ दिली नसती.

किटवाले शेपटापासून सुरुवात करायला लावतात. शेपटाचा खोका लहान, किंमत कमी, आणि चुका व्हायच्या त्या तिथेच होऊन जातात. दुसरंही कारण आहे, ते पुस्तकात छापत नाहीत: घरच्यांचा अंदाज येतो. शेपूट घरात खपलं तर पंख पाठवायला हरकत नसते. साडूंकडे शेपूट खपलं. मग गाडी गॅरेजमधून बाहेर पावसात आली, विमानाचा सांगाडा आत गेला, एक पंख जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकला, आणि मी गेलो तेव्हा पाहुण्यांच्या पलंगाखाली पंखांचे दोन फ्लॅप गादीच्या खोळीत गुंडाळून ठेवले होते. वर मार्करने मराठीत लिहिलेलं: 'पाय लावू नये'. इंग्रजीत लिहिलं असतं तर नुसती सूचना झाली असती. मराठीत ते सोवळं झालं. मी रात्री पाणी प्यायला उठतानाही अंग चोरून उठत होतो.

आता यातली खरी गंमत. विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि हातोडे येतात. साडूंच्या विमानासारख्या कापडी पंखांच्या जातीत मात्र निम्मं काम, बायकांचं म्हणून ज्याची आयुष्यभर टिंगल केली, तेच निघतं. पॉलिस्टरचं कापड सांगाड्यावर चिकटवायचं आणि मग इस्त्री करायची. हो, साधी घरातली इस्त्री. उष्णतेने कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीइतकं ताणलं जातं. पण तीन टप्प्यांत: आधी साधारण 121 अंश सेल्सियस, मग 149, शेवटी 177, त्यापुढे एक अंशही नाही, नाहीतर कापड सैल पडतं ते कायमचं. इस्त्रीच्या चकतीवर 'कॉटन' आणि 'लिनन' लिहिलेलं असतं, अंश नसतात. म्हणून साडू इस्त्रीच्या तळाला थर्मामीटर लावून, चकतीवर पेनाने बारीक खुणा करत दोन संध्याकाळ बसले होते. लग्नापासून ज्या माणसाने स्वतःचा एक शर्ट इस्त्री केला नाही तो पंखावर इस्त्री फिरवताना जीभ बाहेर काढून फिरवत होता. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, दारात उभी राहून म्हणाली, "कॉलर राहिली."

त्याहून बघण्यासारखं म्हणजे टाके. कापड वर ओढलं जाऊन बरगड्यांपासून सुटू नये म्हणून त्यातून दोरा ओवून ते शिवावं लागतं. पंख कडेवर उभा करायचा, मेण लावलेला दोरा, वीतभराहून लांब सुई, आणि दोन माणसं: एक अलीकडे, एक पलीकडे. अलीकडच्याने सुई खुपसायची, पलीकडच्याने ओढून परत पाठवायची. प्रत्येक टाक्याला ठरावीक गाठ, कोळी जाळ्याला मारतात त्या जातीची. मधे पंख, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. साडू अलीकडे, ताई पलीकडे. मी खुर्चीवर चहा घेऊन.

"आली का?"

"आली."

"डावीकडून घाल."

"तुमच्या डावीकडून की माझ्या?"

यावर बराच वेळ शांतता. मग सुई परत आली, ती साडूंच्या करंगळीत. ताईने पलीकडून विचारलं, "लागली का हो?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा टाका मागितला. अख्खा पंख असा शिवून झाला. साडूंच्या गाठी पुस्तकातल्या चित्रासारख्या होत्या. ताईच्या बाजूचे टाके सरळ रेषेत होते. तपासणीला आलेले इन्स्पेक्टर, म्हणजे तिकडच्या हौशी विमानवाल्यांच्या संस्थेने नेमलेले आणि स्वतःही बहुधा गॅरेजात विमान बाळगणारे गृहस्थ, बॅटरी मारून दोन्ही बाजू पाहून गेले आणि चहा पिताना त्यांनी टाक्यांबद्दल ताईचं अभिनंदन केलं. साडूंना म्हणाले, ठीक आहे.

पण दुसऱ्या सीटचं काय? तर आधी वजनाचं सांगतो. ब्रिटनमध्ये दोन सीटांच्या मायक्रोलाइटला, म्हणजे साडूंच्या जातीच्या हलक्या विमानाला, वर्षानुवर्षं एकूण 450 किलोची मर्यादा होती. 2021 मध्ये ती 600 पर्यंत वाढवली, पण साडूंच्या विमानाचं डिझाइन जुन्या हिशेबाचं. हिशेब असा: दोन माणसं प्रत्येकी 86 किलोची धरायची, म्हणजे 172. वर तासभराचं पेट्रोल. उरलं त्यात विमान. म्हणजे इंजिन, पंख, चाकं, सीटा धरून सगळं मिळून साधारण 260 किलोंच्या घरात बसवायचं. बुलेट मोटारसायकल एकटीच दोनशेच्या आसपास भरते. त्यामुळे हे विमानवाले रंगाचा दुसरा हात देण्यापूर्वीसुद्धा विचार करतात, कारण रंगालाही वजन असतं. बंगळुरूच्या 'राज हंस' या कंपनीने याच जातीची किटं करून परदेशात विकली. त्यांच्या एका दोन-सीटी विमानाचं नाव 'हनुमान', जे इंग्लंडात गेल्यावर 'हॉक' झालं. झालं ते बरंच झालं. द्रोणागिरी उचलून आणणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मामांना "जरा दोन किलो उतरवून या" म्हणायचं, हे काही शोभलं नसतं.

ताईने पॅनेलवर बसवायला पितळेचा छोटा गणपती आणला, तर साडूंनी तो किचनच्या काट्यावर ठेवला. 180 ग्रॅम. "शिवाय होकायंत्र बिघडेल," साडू म्हणाले. ताई निवृत्त होईपर्यंत फिजिक्स शिकवायची. "पितळ चुंबकाला दाद देत नाही," ती म्हणाली, "सातवीचा धडा आहे." वाटाघाटी होऊन शेवटी गणपतीचं स्टिकर लागलं. स्टिकरही त्यांनी तोलून पाहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर वजनाचा हा हिशेब हातात घेऊन साडूंनी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निमंत्रण टाकलं. भाषा अगत्याची होती, पण शेवटी 'येताना आपले वजन (कपडे व बुटांसह) कळवावे' असं वाक्य होतं. लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असतं तशाच बाकदार टायपात. आमचं खानदान तसं बोलकं. गुड मॉर्निंगला चाळीस फुलं येतात. या निमंत्रणावर दोन दिवस एक अक्षर आलं नाही. मग हळूहळू एकेकाला काय काय होऊ लागलं. एका मामांना उंचीची भीती निघाली. हे मामा दर वर्षी रायगड चढतात. एका भाच्याने मनापासून कौतुक करून आपल्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं. आत्याबाई म्हणाल्या, नातवाची मुंज होऊ दे, मग बघू. नातू तेव्हा पाच महिन्यांचा होता. एकाने तर थेट विचारलं, "तुम्ही स्वतः केलंय ना ते?" साडू म्हणाले, "हो, प्रत्येक बोल्ट." तो म्हणाला, "म्हणूनच विचारलं."

मला निमित्त शोधावं लागलं नाही. मी 86 किलोंचा कधीच नव्हतो, पुढेही होण्याची चिन्हं नाहीत. डॉक्टर ज्या पोटाबद्दल मला दर सहा महिन्यांनी बोलतो त्याच पोटाने मला तारलं. साडूंनी पेट्रोल कमी भरून हिशेब जुळवायचा प्रस्ताव ठेवला. मी म्हटलं, "साडूबुवा, माझ्यासाठी पेट्रोल कमी करू नका."

शिवाय ती पाटी. हौशी विमानाच्या आत, दुसऱ्या सीटवरच्याला नीट दिसेल अशी पाटी लावणं कायद्याने सक्तीचं असतं: हे विमान आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे प्रमाणित केलेलं नाही. अमेरिकेतली पाटी आणखी मोकळी. हे हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला लागू पडत नाहीत, असं ती प्रवाशाला सांगून टाकते. यजमानाने पाहुण्याच्या समोर ताटाशेजारी असं काही छापून ठेवलं तर पाहुणा काय करील? साडूंनी ती पाटी पट्टी लावून, अगदी काटकोनात चिकटवली. तिच्या सरळपणाचा त्यांना अभिमान होता.

इंजिन रोटॅक्स कंपनीचं, चार-स्ट्रोक. या इंजिनाचं तेल तपासायचं तर आधी इग्निशन बंद करून पंखा हाताने फिरवत राहावं लागतं. फिरवता फिरवता तेलाच्या टाकीतून गुडगुड असा आवाज येतो. विमानवाले त्याला ढेकरच म्हणतात. ढेकर आली की तेलाची पट्टी बाहेर काढायची, त्याआधी काढली तर आकडा खोटा. पहिल्यांदा ढेकर आली तेव्हा गॅरेजात मी, साडू आणि शेजारचे एक आजोबा असे तिघे कान लावून उभे होतो. तिघांनाही जेवण झाल्यासारखं समाधान वाटलं.

परवान्यासाठी आधी चाचणीची उड्डाणं करावी लागतात, संस्थेने मान्य केलेल्या वैमानिकाने, शेजारी कुणालाही न घेता. अमेरिकेत तर सहसा पहिले 25 ते 40 तास असे काढावे लागतात. म्हणजे दुसरी सीट भरायची घाई सरकारलाही नसते. चाचण्या झाल्या, कागद आले, आणि मग एक गोष्ट उघड झाली जी या छंदातल्या जाणकारांना नवी नाही: वर्षानुवर्षं विमान बांधणारा माणूस विमान चालवायचं विसरतो. सगळे शनिवार-रविवार गॅरेजात, सगळे पैसे बोल्टात. साडूंकडे लायसन्स होतं, पण ते केव्हाच थंडावलं होतं. आता परत इन्स्ट्रक्टरबरोबर तास काढा, परत परीक्षा.

त्याच आठवड्यात ताईने जेवणाच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. विमान बांधून होईपर्यंत जेवणाच्या खोलीत पंख, बैठकीच्या खोलीत सीटा, पलंगाखाली फ्लॅप. घरात बसायला जागा नव्हती म्हणून ती कितीतरी महिने दर शनिवारी क्लासला जात होती. आम्ही सगळे योगाचा क्लास समजत होतो. तिकडे मायक्रोलाइटच्या लायसन्सला कमीत कमी 25 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले दहा एकटीने. ताईने ते केव्हाच पुरे केले होते. साडूंनी पाकीट उघडलं, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अशा विमानात चालवणारा डाव्या सीटवर बसतो, आणि ती काटकोनातली पाटी उजव्या सीटसमोर आहे.

पहिल्या उड्डाणाची हकीकत त्यांनी मला फोनवर सांगितली. हवा छान होती, टाके जागेवर होते, खाली हिरवी शेतं दिसली वगैरे. आवाजात मात्र जरा दुखावल्यासारखं होतं.

"निघायच्या आधी हिने मला काट्यावर उभं केलं, राव. बुटांसकट. आता सकाळचे दुसरे पोहे बंद आहेत."